कॅमेरा आणि लॅपटॉप एकत्र नेणारी सॅक कशी निवडावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅमेरा आणि लॅपटॉप या दोन वस्तू एका सॅकमध्ये मावतात खऱ्या, पण त्यांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध असतात. कॅमेऱ्याला खोल, मऊ आणि चटकन उघडणारा कप्पा लागतो, कारण तो दिवसातून पन्नास वेळा बाहेर येतो. लॅपटॉपला सपाट, ताठ आणि शक्यतो हात न लागणारा कप्पा लागतो, कारण तो दिवसातून एकदोनदाच बाहेर येतो. त्यामुळे या कामासाठी बनवलेली प्रत्येक सॅक दोहोंपैकी एकाच्या बाजूने थोडीफार झुकलेली असते. आपल्या सॅकमध्ये यजमान कोण आणि पाहुणा कोण, हे आधी ठरवले तर पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे सोपी होतात.

प्रश्न: माझ्याकडे लॅपटॉपची चांगली सॅक आहे. तिच्यातच कॅमेरा ठेवला तर काय बिघडते?

एक बॉडी (म्हणजे लेन्स न लावलेला कॅमेरा) आणि एक लहान लेन्स एवढेच सामान असेल, तर फारसे काही बिघडत नाही. अशा वेळी फोमचे अस्तर आणि हलवता येणारे पडदे, म्हणजे आतली जागा विभागणाऱ्या मऊ भिंती, असलेला स्वतंत्र डबा बाजारात मिळतो, तो सॅकच्या मुख्य कप्प्यात बसवावा. नवी सॅक घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त आहे आणि ज्यांचा कॅमेरा महिन्यातून दोनदा बाहेर पडतो त्यांच्यासाठी तो पुरेसाही आहे. अडचण येते ती दुसरी लेन्स आली की. साध्या सॅकचा तळ बहुधा एकेरी कापडाचा असतो आणि सॅक जमिनीवर टेकवली की आतल्या काचेला तो धक्का थेट बसतो. शिवाय वरून उघडणाऱ्या खोल कप्प्यात डब्यापर्यंत पोहोचण्यासाठी त्याच्यावरचे सगळे सामान बाहेर काढावे लागते, आणि असे दोनतीनदा झाले की माणूस कॅमेरा काढण्याचा कंटाळा करू लागतो. छायाचित्र हुकण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच असावे, असे मला वाटते.

प्रश्न: किती लिटरची सॅक घ्यावी?

एक बॉडी, दोनतीन लेन्सा, १४ इंची लॅपटॉप आणि दिवसभराचे किरकोळ सामान यांसाठी २० ते २५ लिटर पुरतात. दोन बॉडी, लांब पल्ल्याची लेन्स किंवा एका मुक्कामाचे कपडे यांची भर पडली की ३० ते ३५ लिटरकडे जावे लागते. तथापि लिटरचा आकडा फसवा असतो. काही उत्पादक बाहेरचे खिसे धरून मोजतात, काही न धरता. गुंडाळून बंद होणाऱ्या तोंडाची सॅक असेल तर आकडा तोंड पूर्ण उलगडल्यानंतरचा आहे की गुंडाळलेला असतानाचा, हेही पाहावे लागते. कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये फोमचे अस्तर आणि पडदेच बरीच जागा खातात, त्यामुळे २५ लिटरच्या साध्या सॅकमध्ये जे मावते ते २५ लिटरच्या कॅमेऱ्याच्या सॅकमध्ये मावेलच असे नाही. म्हणून आकड्यापेक्षा कॅमेऱ्याच्या कप्प्याची आतली लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये पाहावी. त्यातही खोली महत्त्वाची, कारण पकड मोठी असलेली बॉडी किंवा ७०-२०० मिलिमीटरची जाड लेन्स लांबीरुंदीत बसूनही खोलीत अडते, मग झाकण ताणून बंद करावे लागते आणि तो ताण चेनवर येतो.

प्रश्न: रिकाम्या सॅकच्या वजनाकडे किती लक्ष द्यावे?

पुष्कळ. एक साधा हिशेब मांडून पाहावा. फुल-फ्रेम मिररलेस बॉडी सुमारे ७०० ग्रॅम, २४-७० मिलिमीटर एफ/२.८ लेन्स सुमारे ८०० ग्रॅम, ७०-२०० मिलिमीटर एफ/२.८ लेन्स एक ते दीड किलो, १४ इंची लॅपटॉप सुमारे दीड किलो, त्याचा चार्जर आणि तारा ४०० ग्रॅम, बॅटऱ्या, कार्डे, फिल्टर वगैरे आणखी ४०० ग्रॅम, आणि एक लिटर पाण्याची भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास. एवढ्यानेच बेरीज सहा किलोंच्या वर जाते. त्यात भरपूर फोम असलेली सॅक स्वतःच १.८ ते २ किलोंची असेल, तर पाठीवर आठ किलो येतात, आणि त्यांतला जवळपास चौथा हिस्सा नुसत्या सॅकचा असतो.

वजन वाचवायचे म्हणून अस्तरच नसलेली सॅक घेणे हा उपाय नव्हे. मात्र ज्या सॅकमध्ये दहा खिसे, वेगळी ट्रायपॉडची झोळी, काढता येणारा कमरपट्टा आणि धातूची जड बक्कले आहेत, तिथे यांपैकी आपण प्रत्यक्षात काय वापरणार हे स्वतःला विचारावे. न वापरलेला खिसाही वजन घेतोच.

प्रश्न: सॅकवर '१६ इंचांपर्यंत' असे लिहिले आहे. माझा १६ इंची लॅपटॉप तिच्यात बसेलच ना?

खात्रीने सांगता येत नाही. इंचांतील आकार हा पडद्याच्या कर्णाचा असतो, यंत्राच्या बाहेरच्या मापाचा नव्हे. १५.६ इंची, १६:९ प्रमाणाचा पडदा सुमारे ३४.५ सेंटिमीटर रुंद आणि १९.४ सेंटिमीटर उंच असतो. पण त्याभोवतीची चौकट किती रुंद, यावर लॅपटॉपची रुंदी ३६ सेंटिमीटरही असू शकते आणि ३८ सेंटिमीटरही. १६ इंची मॅकबुक प्रोची मापे ३५.५७ बाय २४.८१ सेंटिमीटर आणि जाडी १.६८ सेंटिमीटर आहे. त्याच इंचांचा, खेळांसाठी बनवलेला लॅपटॉप मात्र याहून बराच जाड आणि मागे अधिक लांब असतो, आणि तो अशाच सॅकमध्ये चेनपाशी अडतो.

लॅपटॉपची तिन्ही बाहेरची मापे पट्टीने घ्यावीत आणि कप्प्याच्या आतल्या मापांशी ताडून पाहावीत. लांबीरुंदीत प्रत्येकी किमान एक सेंटिमीटर मोकळे राहायला हवे. सॅकचे वरचे कोपरे गोलसर असतात, त्यामुळे कप्प्याची रुंदी तळाशी न मोजता जिथे चेन वळते तिथे मोजावी. लॅपटॉपला वेगळे कव्हर घालण्याची सवय असेल, तर माप कव्हरसकट घ्यावे.

प्रश्न: सॅक पाठीकडून उघडणारी घ्यावी, बाजूने की वरून?

निवड खरी इथे होते, म्हणून या प्रश्नाला सर्वांत जास्त वेळ द्यावा.

पाठीकडून उघडणाऱ्या सॅकमध्ये कॅमेऱ्याच्या कप्प्याचे दार पाठीला टेकणाऱ्या बाजूला असते. सॅक अंगावर असताना ते दार कोणालाही उघडता येत नाही, आणि चिखलात किंवा ओल्या गवतावर सॅक ठेवायची वेळ आली तर बाहेरची बाजू खाली जाते, पाठीची बाजू कोरडी राहते. सगळे सामान एका नजरेत दिसते. मात्र प्रत्येक वेळी सॅक उतरवावी लागते. कमरपट्टा बांधलेला ठेवून सॅक पोटाकडे फिरवण्याची सोय काहींमध्ये असते, ती उपयोगी आहे, पण गर्दीत ती कसरत जमत नाही.

बाजूने उघडणाऱ्या सॅकमध्ये एक पट्टा खांद्यावरून सोडायचा, सॅक दुसऱ्या खांद्यावरून पुढे ओढायची, बाजूची चेन उघडायची आणि कॅमेरा बाहेर घ्यायचा. हे सगळे पाच सेकंदांत होते. रस्त्यावरची छायाचित्रे, लग्नसमारंभ, प्रवास यांसाठी ही रचना उत्तम. पण ज्या बाजूला दार आहे त्या बाजूच्या खिशात बाटली किंवा ट्रायपॉड असेल तर दार अर्धेच उघडते, आणि आतले पडदे त्या दाराच्या सोयीने लावावे लागल्याने बाकीच्या लेन्सा आडबाजूला जातात. उजव्या हाताने काम करणाऱ्याला दार कोणत्या बाजूला सोयीचे पडते हे सॅक अंगावर घालूनच कळते. या रचनेचा खरा धोका वेगळाच आहे. घाईत चेन अर्धवट राहिली आणि सॅक झटकन खांद्यावर फेकली, तर लेन्स सरळ जमिनीवर येते. एक ५० मिलिमीटरची लेन्स मी अशीच घालवली आहे. तेव्हापासून ज्या सॅकमध्ये बाजूच्या दाराला चेनखेरीज एखादे बक्कल किंवा आतला पडदा आहे, तीच मी घेतो.

वरून उघडणाऱ्या रचनेत कॅमेरा वर, लेन्स खाली तोंड करून लटकल्यासारखा राहतो आणि उभ्याउभ्या काढता येतो, मात्र एकच कॅमेरा. पूर्ण पुढून पुस्तकासारखी उघडणारी सॅक स्टुडिओत किंवा गाडीतून काम करणाऱ्यांना आवडते. बाहेर, धुळीत, तिचे पूर्ण उघडणे हीच अडचण ठरते.

दिवसातून कॅमेरा पाचसहा वेळा, ठरवून आणि बैठक मारून काढला जात असेल, तर पाठीकडून उघडणारी सॅक घ्यावी. तो सतत आत-बाहेर होत असेल, तर बाजूने उघडणारी. आणि लॅपटॉपच यजमान असून कॅमेरा अधूनमधून येणारा पाहुणा असेल, तर कामाच्या सॅकसारखी दिसणारी, तळाशी कॅमेऱ्याचा लहान डबा असलेली सॅक बरी.

प्रश्न: लॅपटॉपचा कप्पा कुठे असलेला चांगला?

पाठीला लागून. लॅपटॉप ही सपाट, ताठ आणि जड वस्तू असल्याने ती पाठीजवळ राहिली तर भार शरीराच्या जवळ राहतो आणि सॅक मागे ओढत नाही. बाहेरच्या झाकणातला कप्पा काढघाल करायला सोपा वाटतो, पण तिथे लॅपटॉपला पहिला धक्का बसतो. पाठीकडून उघडणाऱ्या बऱ्याच सॅकमध्ये हा पेच आपोआप येतो, कारण पाठीकडची जागा कॅमेऱ्याच्या दाराने अडवलेली असते. काही उत्पादक मग दारातच लॅपटॉपचा कप्पा शिवतात. तसे असेल तर दार उघडताना लॅपटॉपचे वजनही त्या दारासोबत हलते, हे लक्षात ठेवावे.

दोन गोष्टी हात घालून तपासाव्यात. पहिली, कप्प्याचा तळ. तो सॅकच्या तळापासून दोनतीन सेंटिमीटर वर उचललेला असावा. तसे नसल्यास सॅक खाली आपटताच लॅपटॉपची कडा थेट जमिनीवर आपटते. दुसरी, लॅपटॉप आणि कॅमेरा यांच्यामधली भिंत. ती नुसत्या मऊ कापडाची असेल, तर भरलेल्या सॅकमध्ये लेन्सचा दाब लॅपटॉपच्या झाकणावर एका जागी येतो, पडद्यावर कळफलकाचे ठसे उमटू लागतात आणि कधी काच तडकते. मध्ये ताठ प्लास्टिकचा पत्रा असावा. जाता जाता, लॅपटॉप निद्रावस्थेत तसाच सॅकमध्ये टाकू नये. फोमच्या बंद कप्प्यात तो मध्येच जागा झाला तर तापतो आणि बॅटरी उतरते.

प्रश्न: सॅक आपल्या पाठीला मापात आहे हे कसे ओळखावे?

मान पुढे झुकवल्यावर मानेच्या तळाशी जो मणका ठळक हाताला लागतो, तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेच्या रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे पाठीची लांबी. माणसाची उंची आणि ही लांबी यांचा मेळ बसतोच असे नाही. उंच व्यक्तीची पाठ आखूडही असू शकते. सॅकचा कमरपट्टा जर कमरेच्या हाडांवर बसत नसेल आणि पोटावर येत असेल, तर तो भार उचलत नाही, नुसता आवळतो. २० लिटरच्या सॅकवरची अरुंद कापडी पट्टीही भार उचलण्यासाठी नसते, ती सॅक हलू नये एवढ्यापुरतीच असते. भार खांद्यांवरून कमरेकडे न्यायचा तर पट्टा रुंद, फोमचा आणि सॅकच्या पाठीतल्या ताठ चौकटीशी जोडलेला हवा. सात-आठ किलो घेऊन तासभराहून अधिक चालायचे असेल, तर अशा पट्ट्यावर तडजोड करू नये. खांद्यांचे पट्टे लांब असले म्हणजे चांगले असेही नाही. ते मानेजवळ रुतत नाहीत ना आणि काखेत घासत नाहीत ना, हे पाहावे. छातीवरचा पट्टा वरखाली सरकवता यावा.

प्रश्न: आत सामान कसे रचावे?

जड लेन्सा पाठीजवळ आणि सॅकच्या मध्यभागी ठेवाव्यात. लेन्स लावलेला कॅमेरा ठेवताना बॉडीचा भार पडद्यांवर यावा आणि लेन्स खाली मोकळी राहावी; लेन्सच्या टोकावर उभा ठेवलेला कॅमेरा प्रत्येक धक्क्याचा भार माउंटवर, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या जोडावर, टाकतो. हूड (लेन्सच्या टोकाला लावायची नळीसारखी कड) उलटा लावावा, त्याने जागा वाचते. पडदे इतके घट्ट असावेत की सॅक हलवली तर आवाज येऊ नये, पण लेन्स ओढून काढावी लागेल इतके नकोत. पडद्यांची वेल्क्रो आतल्या अस्तराला सगळीकडे धरते की ठरावीक पट्ट्यांवरच, हे विचारून घ्यावे. सगळीकडे धरणारी सॅक पुढे नवी लेन्स घेतल्यावरही उपयोगी पडते.

प्रश्न: कापडावर '५००डी', '१६८०डी' असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ काय?

डी म्हणजे डेनिअर, अर्थात ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड. पण जाड धागा म्हणजे मजबूत कापड, हे समीकरण तेवढ्यावर थांबत नाही: नायलॉन त्याच डेनिअरच्या पॉलिस्टरपेक्षा घर्षण अधिक सोसते, तर पॉलिस्टर उन्हात रंग आणि ताकद अधिक काळ टिकवते. रोजच्या वापरासाठी ४०० ते ५०० डेनिअरचे चांगले नायलॉन पुरेसे असते. तळासाठी त्याहून जाड कापड हवे.

मला विचाराल तर कापडापेक्षा चेन आधी पाहावी, कारण सॅक फाटून निकामी होण्याआधी बहुधा तिची चेन निकामी होते. चेनचा क्रमांक साधारणपणे बंद दातांची मिलिमीटरमधील रुंदी सांगतो. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० क्रमांकाची असावी, ५ क्रमांकाची चेन छोट्या खिशांना ठीक. रनर (चेन उघडण्या-मिटण्यासाठी सरकवायचा तुकडा) वळणावर अडतो का, हे एका हाताने ओढून पाहावे. शिवणीत जिथे पट्टे सॅकच्या अंगाशी जोडलेले असतात, तिथे आडवे दाट टाके किंवा चौकोनातली फुली असायला हवी.

प्रश्न: सॅक 'वॉटरप्रूफ' असली तर पावसाळी कव्हर लागते का?

लागते. कापडावरचा थर पाणी अडवतो, पण पाणी शिरते ते शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून. पाणी रोखणारी म्हणून विकली जाणारी चेनही बहुधा शिंतोडे परतवण्यापुरतीच असते. तासभर मुसळधार पाऊस तिचे काम नव्हे. शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का ते पाहावे. कव्हर पाठीची बाजू झाकत नाही, आणि मानेवरून ओघळणारे पाणी नेमके तिथेच, लॅपटॉपच्या कप्प्याजवळ, मुरते. म्हणून दीर्घ पावसात लॅपटॉप वेगळ्या जलरोधक पिशवीत घालावा.

घरी आल्यावर ओली सॅक बंद ठेवणे हे पावसात भिजण्याहून वाईट. दमट, अंधाऱ्या फोममध्ये राहिलेल्या लेन्सवर बुरशी धरते आणि ती काचेवरचा लेप खाते. सॅक वाहतुकीसाठी आहे, साठवणीसाठी नव्हे. सामान बाहेर काढून कोरड्या डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवावे.

प्रश्न: विमानाच्या केबिनमध्ये ती चालेल का?

मापे कंपनीगणिक बदलतात. ५५ बाय ३५ बाय २० सेंटिमीटरच्या आत बसणारी सॅक बहुतेक ठिकाणी मुख्य केबिन सामान म्हणून चालते, पण आसनाखाली ठेवायच्या सामानाची मर्यादा याहून लहान असते. मापापेक्षा वजन अधिक अडचणीत आणते. अनेक कंपन्या ७ किलोंवर अडवतात, आणि वर मांडलेला आठ किलोंचा हिशेब तिथेच उलटतो.

सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच न्याव्या लागतात, त्या चेक-इन सामानात चालत नाहीत. १०० वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला सहसा परवानगी लागत नाही. १०० ते १६० वॉट-अवरसाठी विमान कंपनीची संमती लागते. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणले की वॉट-अवर मिळतात: ७.२ व्होल्ट आणि २,२८० मिलिअँपिअर-अवरची कॅमेऱ्याची बॅटरी सुमारे १६.४ वॉट-अवरची, तर ३.७ व्होल्टच्या हिशेबाने २०,००० मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची भरते. सुट्या बॅटऱ्यांची टोके झाकलेली असावीत. ऐनवेळी दाराशी सॅक काढून घेतली गेली, तर त्यातल्या सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक काढून स्वतःजवळ ठेवाव्या लागतात. म्हणून त्या एकाच छोट्या पिशवीत, वरच्या खिशात असाव्यात. कॅमेऱ्याचा डबा अखंड बाहेर निघणारी सॅक अशा प्रसंगी फार उपयोगी पडते.

प्रश्न: ट्रायपॉड कुठे लावावा?

हलका असेल तर बाजूच्या खिशात, आणि दुसऱ्या बाजूला पाण्याची बाटली. दीड किलोंहून जड ट्रायपॉड बाजूला लावला की सॅक एका खांद्यावर ओढते. तो मध्यभागी बांधावा, मात्र तिथे तो भार पाठीपासून दूर नेतो हे गृहीत धरूनच.

प्रश्न: चुंबकी बक्कलांमुळे मेमरी कार्ड किंवा लॅपटॉपचे नुकसान होते का?

मेमरी कार्ड आणि एसएसडी (आजच्या लॅपटॉपमधली, फिरते भाग नसलेली डिस्क) यांत माहिती चुंबकीय पद्धतीने साठवलेली नसते, त्यामुळे त्यांना धोका नाही. फिरत्या तबकड्यांची जुनी हार्ड डिस्क मात्र बक्कलाला लागून ठेवू नये. लॅपटॉपचे झाकण मिटले आहे हे ओळखणारा संवेदक चुंबकानेच चालतो, त्यामुळे उघडा लॅपटॉप सॅकच्या बक्कलावर टेकवला तर तो अचानक झोपी जाऊ शकतो. तो बिघाड नव्हे.

प्रश्न: चोरीपासून बचाव कसा करावा?

कॅमेऱ्याच्या कंपनीचे नाव ठळक लिहिलेली सॅक घेऊ नये, हा पहिला आणि फुकटचा उपाय. दोन रनर एकमेकांत अडकवता येतील अशी कडी असली तर गर्दीत पुरे. कुलूप लावलेली सॅकही चोर अख्खी उचलून नेऊ शकतो, म्हणून बसल्यावर तिचा एक पट्टा पायात अडकवून ठेवावा.

प्रश्न: घेतल्यावर परत करण्याची मुदत असेल तर त्या काळात काय तपासावे?

खरे सामान, खऱ्या वजनासकट भरावे. सगळे हाताशी नसेल तर तेवढ्या वजनाची पुस्तके घालावीत. अर्धा तास चालावे, दोन जिने चढावे आणि उतरावे. मग उभ्याने, सॅक जमिनीला न लावता, कॅमेरा दहा वेळा काढून परत ठेवावा. दहाव्या वेळी जी गोष्ट खटकते, ती वर्षभर खटकत राहणार आहे. पूर्ण भरलेली सॅक सोडून दिली तर ती उभी राहते की तोंडावर पडते, हेही पाहावे. लेबले काढण्याची घाई करू नये.

प्रश्न: जुनी सॅक कधी बदलावी?

रनर दात मिटवीनासा झाला म्हणून सॅक टाकून देऊ नये. बहुधा झिजलेला असतो तो रनर, आणि तो कोणताही सॅक दुरुस्त करणारा कारागीर बदलून देतो. पट्ट्याची उसवलेली शिवणही पुन्हा घालता येते. दुरुस्त न होणाऱ्या गोष्टी दोनच. आतल्या कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत काही वर्षांनी चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि त्याचे पापुद्रे लेन्सवर पडू लागतात. दुसरी म्हणजे फोम: तळाचा फोम अंगठ्याने दाबून सोडावा, आणि खड्डा तसाच राहिला तर त्या सॅकमध्ये यापुढे कपडे न्यावेत, लेन्स नाही.